स्टोनिंग्टनच्या दोन तोफा : गावकऱ्यांनी राखलेला किनारा, ऑगस्ट १८१४

९ ऑगस्ट १८१४ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील स्टोनिंग्टन गावासमोर ब्रिटिश आरमाराची जहाजे येऊन थांबली. ७४ तोफांचे रॅमिलीज, पॅक्टोलस ही फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, डिस्पॅच हे लहान ब्रिग जहाज आणि उखळी तोफांचे टेरर. साडेपाचच्या सुमारास पांढरे निशाण लावलेली एक होडी किनाऱ्याकडे आली आणि तिच्यातून गावकऱ्यांना एक चिठ्ठी मिळाली. निरपराध रहिवाशांचा नाश करण्याची इच्छा नाही, म्हणून ही चिठ्ठी हाती पडल्यापासून एका तासाच्या आत गाव रिकामे करा, असा तिचा मजकूर. खाली सही होती रॅमिलीजचा कप्तान थॉमस हार्डी याची. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाचा कप्तान होता, तोच हा हार्डी.

गावात शंभराच्या आसपास घरे होती. समुद्रात घुसलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी, तिन्ही बाजूंनी पाणी. मासेमारी, सीलची शिकार आणि व्यापारी गलबते यांवर सगळ्यांचे पोट. पुढे १८२० मध्ये अंटार्क्टिकाचा किनारा पाहणाऱ्या पहिल्या काही खलाशांपैकी एक असलेला नॅथॅनियल पामर याच गावचा. गावकऱ्यांनी होडीतल्या अधिकाऱ्याला विचारले, काही बोलणी होऊ शकतात का? उत्तर आले, नाही. मग बायकामुले, म्हातारी माणसे आणि उचलता येईल तेवढे सामान आतल्या भागाकडे निघाले. काही पुरुष मात्र उलट दिशेला, पट्टीच्या टोकावरच्या तोफांच्या मोर्चाकडे गेले. तिथे दोन अठरा पौंडी, म्हणजे अठरा पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या, तोफा होत्या, जोडीला एक लहान तोफ, आणि पुढे जेमतेम चार फूट उंचीचा मातीचा बांध.

चौथ्या दिवशी जहाजे निघून गेली तेव्हा गाव जागेवर होते.

ही कथा अमेरिकेत गावकऱ्यांच्या शौर्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि शौर्य होते यात शंका नाही. पण त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावर, तशाच माणसांची दुसरी गावे हातची गेली किंवा जळाली. स्टोनिंग्टनमध्ये आधीपासून काय होते आणि काय नव्हते, हे नीट पाहिले तर फरक कुठे पडला ते कळते. म्हणून हे प्रकरण जरा बारकाईने पाहू.

आधीचे दोन वर्षांचे वातावरण

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातले युद्ध जून १८१२ मध्ये सुरू झाले. जून १८१३ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी स्टीफन डेकेटर याची तीन जहाजे ब्रिटिश आरमारापुढे माघार घेत न्यू लंडन बंदरात शिरली आणि तिथेच अडकली. स्टोनिंग्टनपासून न्यू लंडन पश्चिमेला, सुमारे २० किलोमीटरवर. तेव्हापासून या टापूवर ब्रिटिशांचा सततचा पहारा बसला. गावकऱ्यांना दारातून रोज शत्रूची शिडे दिसत.

१८१४ मध्ये या पहाऱ्याला धार आली. एप्रिलमध्ये १३६ ब्रिटिश खलाशी आणि सैनिक होड्यांतून कनेक्टिकट नदीत काही मैल आत शिरले आणि आज एसेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी २७ जहाजे जाळून परत गेले. गावाने प्रतिकार केला नाही, कारण प्रतिकार करायला तिथे जवळजवळ काहीच नव्हते. जुलैमध्ये खुद्द हार्डीने मेन प्रांतातल्या ईस्टपोर्टचा किल्ला घेतला, आणि तिथे पगारी सैन्य असूनही एक गोळी झाडली गेली नाही. त्याच महिन्यात ब्रिटिश ॲडमिरल कॉक्रेन याने आपल्या जहाजांना हुकूम दिला की किनाऱ्यावरची जी जी गावे हाताशी येतील ती उद्ध्वस्त करा, फक्त निःशस्त्र रहिवाशांचे जीव वाचवा. अमेरिकनांनी कॅनडात पोर्ट डोव्हर जाळले होते, त्याचा हा सूड. एका तासाच्या मुदतीची ती चिठ्ठी या हुकुमात नेमकी बसते.

स्टोनिंग्टनवर राग असण्याला आणखी एक कारण होते. जून १८१३ मध्ये न्यू लंडनजवळ ईगल नावाची एक स्कूनर, म्हणजे शिडाचे लहान जहाज, ब्रिटिशांच्या हाती लागली. तिच्यात खाद्यपदार्थांखाली बारूद भरून ठेवली होती. स्फोटात एक अधिकारी आणि अनेक खलाशी मेले, आणि लक्ष्य होते हार्डीचेच रॅमिलीज. त्यानंतर पाण्यातल्या सुरुंगांचे, तेव्हाच्या भाषेत टॉर्पेडोंचे, प्रयत्न या किनाऱ्यावरून होत राहिले. अशी कामे कोणत्या गावात शिजतात, याचा ब्रिटिशांना कायम संशय असे.

मिलिशिया कोणाची?

अमेरिकेत १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकाचे नाव मिलिशियात, म्हणजे गावोगावच्या राखीव दलात, नोंदवले जाई. बंदूक, संगीन आणि चोवीस काडतुसे ज्याची त्याने आणायची. वर्षातून थोडे दिवस कवायत, बाकी वेळ शेती, दुकान किंवा होडी. तोफा, बारूद, तटबंदी, पगार हे मात्र एकट्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. ते सरकारने द्यायचे. आणि इथेच घोळ होता.

कनेक्टिकट राज्याला हे युद्ध नको होते. १८१२ मध्ये केंद्र सरकारने मिलिशिया मागितली तेव्हा राज्यपालांनी नकार दिला. राज्यावर स्वारी झालेली नाही आणि आमची माणसे केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली देणार नाही, अशी त्यांची भूमिका. राज्यघटनेचा मुद्दा म्हणून त्यात तथ्य असेलही. पण भांडण राजधान्यांमध्ये चालले होते आणि किनाऱ्यावर उघडी पडली होती माणसे. केंद्र म्हणे, माणसे आमच्या हुकुमाखाली नाहीत तर खर्च कसा द्यावा? राज्य म्हणे, युद्ध तुमचे, खर्चही तुमचाच. याच नाराजीतून त्या वर्षाच्या अखेरीस हार्टफर्ड शहरात न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, राज्यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच. ज्यांच्या घरांवर गोळे पडायचे होते, त्यांचे या वादात कोणीच ऐकत नव्हते.

तरीही दोन गोष्टी वेळेवर झाल्या होत्या. केंद्राच्या युद्धखात्याने गावातल्या नागरिकांच्या समितीकडे त्या दोन अठरा पौंडी तोफा सोपवल्या होत्या. आणि राज्याच्या मिलिशियातून एका लेफ्टनंटच्या हाताखाली पहाऱ्याची एक लहान तुकडी गावात ठेवली होती. पगारी सैनिक कोणी नव्हता. हुकूम द्यायला वरिष्ठ कोणी हजर नव्हते. होते ते एवढेच.

पहिली रात्र

अंधार पडल्यावर, आठच्या सुमारास टेररने मारा सुरू केला. हे जहाज मुळात उखळी तोफांसाठीच बांधलेले होते. एक तोफ तेरा इंची, दुसरी दहा इंची. तिच्यातून सुटणारे कुलपी गोळे उंच चढत, वात जळताना रेघ काढत आणि गावात पडून फुटत. काहींमध्ये आग लावणारा माल भरलेला असे. होड्यांमधून बाणही सोडले गेले. हे काँग्रिव्ह बाण होते. इंग्रजांनी ते तयार केले टिपू सुलतानाच्या सैन्याकडून मार खाल्ल्यावर आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला हाती लागलेले म्हैसूरचे बाण तपासल्यावर. मराठी कागदपत्रांत ज्यांचा 'बाण' म्हणून वारंवार उल्लेख येतो, त्याच घराण्यातले हे अस्त्र पंधरा वर्षांत अटलांटिकपलीकडच्या मच्छीमारांच्या छपरांवर जाऊन पडले.

लाकडी घरांच्या गावाला खरा धोका आगीचा असतो. भिंतीला भोक पाडणारा गोळा एक घर बिघडवतो. छपरावर अडकलेला पेटता गोळा वारा असेल तर अख्खी आळी खातो. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांतही माणसांनी रस्त्यांवर, माळ्यांवर फिरून आगी विझवल्या. कुलपी गोळा फुटायच्या बेतात असताना त्याच्याजवळ जाण्याची ही कामगिरी. तोफा चालवणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, पाण्याच्या बादल्या घेऊन धावणाऱ्यांची फारशी राहिली नाहीत. गाव वाचले त्यात त्यांचा वाटा मोर्चावरच्या माणसांएवढाच आहे, असे मला ठामपणे वाटते.

मोर्चावर त्या रात्री मूठभर माणसे होती. शत्रूच्या होड्या जवळ आल्या की बाणांच्या उजेडात नेम धरायचा, गोळा टाकायचा. टेरर स्वतः तोफेच्या पल्ल्याबाहेर होते, त्यामुळे त्याच्यावर तोफेची दारू खर्चणे व्यर्थ. ही समज महत्त्वाची. घाबरलेला माणूस दिसेल त्यावर तोफ डागत सुटतो. इथे डागली गेली ती पोचेल तिथेच. मध्यरात्रीच्या सुमारास मारा थांबला.

१० ऑगस्टची सकाळ

पहाटे ब्रिटिश होड्या गावाच्या पूर्वेकडच्या पाण्यात शिरल्या आणि तिकडून बाण सोडू लागल्या. मोर्चा होता टोकाला, दुसऱ्या अंगाला. गावकऱ्यांनी एक अठरा पौंडी तोफ ओढत पट्टीच्या पलीकडच्या बाजूला नेली. अशा तोफेचे वजन दोन टनांच्या आसपास, आणि प्रत्येक गोळा सुमारे आठ किलोचा. दोरखंड, माणसे आणि चुकत-माकत वळणारी चाके. ती तिथे पोचली, डागली गेली, आणि होड्या मागे सरल्या.

मग डिस्पॅच पुढे आले. गावाभोवती पाणी उथळ आणि खडकाळ, त्यामुळे रॅमिलीजसारखे मोठे जहाज जवळ येऊ शकत नव्हते. डिस्पॅचला कमी पाणी पुरे. ते मोर्चापासून सुमारे अर्ध्या मैलावर नांगरले आणि मारा सुरू झाला. या जहाजावर मुख्यतः कॅरोनेड जातीच्या आखूड तोफा होत्या. जवळून भयंकर, पण लांबून नेम कच्चा. गावकऱ्यांच्या तोफा लांब नळीच्या होत्या. अर्ध्या मैलावर त्यांचा नेम जास्त भरवशाचा, आणि त्या होत्या हलत्या जहाजावर नव्हे तर घट्ट जमिनीवर.

आणि हाताळणारे हातही जाणते होते. यांच्यातला जेरेमाया होम्स ब्रिटिश आरमारात जबरदस्तीने भरती झालेला खलाशी. अमेरिकन जहाजांवरून माणसे उतरवून घेऊन आपल्या युद्धनौकांवर राबवण्याची ब्रिटिशांची ही पद्धत युद्धाच्या कारणांपैकी एक होती. होम्सने तोफ चालवण्याचे शिक्षण तिथेच घेतले आणि सुटून घरी आल्यावर ते त्यांच्याच जहाजावर वापरले. इतरही बरेचसे खलाशी होते. तोफेचे काम एकट्यादुकट्याचे नाही. नळी ओल्या बोळ्याने पुसायची, नाहीतर आतली ठिणगी पुढच्या दारूला लागून पुसणाऱ्याचे हात उडतात. मग दारूची थैली, वर गोळा, दट्ट्याने दाबायचे, कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, रंजक (पेट घेणारी बारीक दारू) भरायची, नेम, बत्ती, आणि मागे उसळणाऱ्या तोफेच्या वाटेतून बाजूला. पुन्हा पहिल्यापासून. ही साखळी जहाजावर राबलेल्या माणसांच्या अंगात मुरलेली असते. वर्षातून चार दिवस कवायत करणाऱ्या शेतकऱ्याच्या नसते.

बांधामागच्या काठीवर सोळा पट्टे आणि सोळा तारे असलेले निशाण होते. ते काठीला खिळ्यांनी ठोकून टाकले होते, म्हणजे ते उतरवणे हा पर्यायच उरू नये. गोळ्यांनी चाळण झालेले ते निशाण गावच्या इतिहास संस्थेकडे आजही आहे.

आणि मग सकाळीच दारू संपली.

शौर्य, नेम, निशाण, सगळे जागेवर, आणि नळीत घालायला काही नाही. माणसांनी तोफेच्या कानात मेख मारली, म्हणजे शत्रू उतरलाच तर त्याला ती वापरता येऊ नये, आणि मागे सरले. डिस्पॅच काही काळ मोर्चावर एकतर्फी मारा करत राहिले. ब्रिटिशांनी त्या वेळात होड्यांतून माणसे उतरवली असती तर हे प्रकरण एसेक्ससारखेच संपले असते, याबद्दल मला शंका वाटत नाही. पण त्यांनी उतरवली नाहीत. इकडे दारू मिळाली, कान पुन्हा मोकळा केला गेला आणि तोफ परत बोलू लागली. पाण्याच्या रेषेखाली गोळे बसलेले डिस्पॅच अखेर नांगराचा दोर कापून मागे गेले. त्याच्यावर २ ठार आणि १२ जखमी असा ब्रिटिश बाजूचा आकडा आहे. अमेरिकन वर्तमानपत्रांनी तो कितीतरी फुगवला.

श्रीमती स्ट्युअर्ट आणि दोन दिवसांची बोलणी

दुपारी गावाकडून शिष्टमंडळ हार्डीच्या जहाजावर गेले. हार्डीने घातलेल्या अटी विलक्षण होत्या. गावात टॉर्पेडो तयार झालेले नाहीत आणि पुढेही होऊ देणार नाही अशी हमी द्या, आणि न्यू लंडनमधल्या माजी ब्रिटिश वाणिज्यदूताची पत्नी, श्रीमती स्ट्युअर्ट, हिला दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावर पोचवा. तसे केले तर गाव सोडतो. गावाचे उत्तर असे की टॉर्पेडो इथे तयार झालेले नाहीत, पण ती बाई आमच्या ताब्यात नाही आणि तिला पाठवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आदल्या संध्याकाळी बोलणीच नको म्हणणारा कप्तान दुसऱ्या दिवशी एका बाईच्या सुटकेवर समझोता करायला तयार होतो, यावरून डिस्पॅचला बसलेला मार किती जिव्हारी लागला होता ते दिसते. हार्डीला गाव जाळण्यात रस नव्हता, असेही अनेकांनी म्हटले आहे. त्याच्या पहिल्या चिठ्ठीची भाषा आणि नंतरचे वागणे पाहता हे पटण्यासारखे आहे. पण हुकूम तर होता. आपल्या मुलखापासून दूर, वरिष्ठांचा हुकूम पाळताना किती माणसे गमवायची याचा हिशोब त्याला करावा लागत होता. गावकऱ्यांच्या तोफांनी त्या हिशोबातला आकडा वाढवला. लहान मोर्चा मोठ्या आरमाराशी एवढेच करू शकतो.

बोलण्यांचा खरा फायदा वेळेचा झाला. घोडेस्वार आधीच आत गेले होते. लेफ्टनंट कर्नल रँडलच्या रेजिमेंटचे लोक जमू लागले होते, ब्रिगेडियर जनरल आयशम यांची मिलिशिया आसपासच्या गावांतून येत होती. पहिल्या रात्री मूठभर असलेली माणसे आता शेकड्यांनी मोजण्यासारखी झाली होती. आता होड्यांतून उतरणे सोपे राहिले नव्हते. मिलिशियाचे हे खरे काम. जमायला तिला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी आधी विकत घेऊन द्यावा लागतो. इथे तो दोन तोफांनी घेऊन दिला.

११ तारखेला दुपारनंतर टेररने पुन्हा गोळे टाकले. १२ ला सकाळी रॅमिलीज आणि पॅक्टोलस जमेल तेवढी जवळ आली, त्यांनीही मारा केला, आणि दुपारच्या सुमारास सगळी जहाजे निघून गेली. गावातल्या सुमारे चाळीस घरांना कमीजास्त इजा झाली. त्यातली थोडीच पार मोडली. मोर्चावर जागच्या जागी कोणी मेले नाही. काही जखमी झाले, आणि त्यांच्यातला तरुण फ्रेडरिक डेनिसन पुढे जखमेनेच मरण पावला. एवढ्या गोळ्यांच्या मानाने हानी आश्चर्यकारकरीत्या कमी. ती कमी राहण्याचे एक साधे कारण म्हणजे त्या एका तासात बायकामुले बाहेर काढली गेली होती.

दुसरीकडे का जमले नाही

वर्षभर आधी, ३ मे १८१३ रोजी, मेरीलँडमधल्या हाव्र द ग्रास गावावर ब्रिटिश होड्या चालून आल्या. तिथेही लहानसा मोर्चा होता, तोफा होत्या. बाण पडू लागल्यावर मिलिशियाचे बहुतेक लोक पळाले. जॉन ओनील नावाचा माणूस तोफेपाशी राहिला आणि ती एकट्याने चालवत राहिला. मागे उसळलेल्या तोफेनेच त्याला जखमी केले आणि तो पकडला गेला. गावातली बरीच घरे जळाली. ओनीलचे धैर्य होम्सपेक्षा कमी नव्हते. कमी होते ते त्याच्या शेजारचे हात.

स्टोनिंग्टननंतर पंधरवड्याच्या आत, २४ ऑगस्टला, वॉशिंग्टनजवळ ब्लेडन्सबर्गला हजारोंच्या मिलिशियाची फळी फुटली आणि राजधानी जळाली. त्यावरून मिलिशिया म्हणजे पळपुट्यांचा जमाव, असा निष्कर्ष तेव्हाही काढला गेला, आजही काढतात. मला तो अन्यायाचा वाटतो. ब्लेडन्सबर्गला घाईने जमवलेल्या माणसांना उघड्या मैदानात, धड ठरलेल्या योजनेशिवाय, मुरलेल्या पायदळासमोर उभे केले होते. स्टोनिंग्टनला माणसे आपल्या परिचयाच्या खडकांवर, आपल्या परिचयाच्या भरती-ओहोटीच्या पाण्यासमोर, अंगवळणी पडलेल्या कामाच्या पुढ्यात उभी होती. तीच माणसे मैदानात नेली असती तर कदाचित तीही पळाली असती. आणि दारू पुरेशी ठेवली असती तर १० तारखेच्या सकाळचा तो जीवघेणा खंड पडलाच नसता. तोफा देणाऱ्यांनी तोफा दिल्या, पण त्या दिवसभर चालतील एवढा दारूगोळा ठेवायची जबाबदारी मात्र कोणाच्याच अंगावर नीट आली नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणावी लागली, आणि पाणी लागले हे नशीब.

टेरर पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर गोळे टाकायला हजर होते. तिथेही किल्ला हाती लागला नाही. तेच जहाज १८४५ मध्ये फ्रँकलिनच्या मोहिमेत आर्क्टिकला गेले आणि बर्फात हरवले. त्याचा सांगाडा २०१६ मध्ये सापडला.

मिलिशियाच्या खर्चाचा केंद्र आणि न्यू इंग्लंडमधली राज्ये यांच्यातला वाद युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षे रेंगाळला. गावच्या समितीचा अध्यक्ष एमॉस पामर याने मात्र आपल्या बाजूचा हिशोब लगेच दिला. ऑगस्ट १८१५ मध्ये त्याने नव्या युद्धमंत्र्यांना पत्र लिहिले. आधीच्या मंत्र्यांनी माझ्या हाती दोन अठरा पौंडी तोफा सोपवल्या होत्या, त्यांचे आम्ही काय केले ते कळवतो, अशी त्याची सुरुवात आहे, आणि पुढे त्या चार दिवसांचा तपशील. गावाने दोन्ही तोफा ठेवून घेतल्या. स्टोनिंग्टनच्या कॅनन स्क्वेअर या चौकात त्या आजही आहेत.